गुण चढते की उतरते

...नाही, माझं म्हणणं एवढंच आहे की गुण द्यायचे तर द्या, खुशाल द्या, तुमची लॅब, तुमचं मायक्रोस्कोप, पण चढते देताय की उतरते हे आधी सांगायला नको का? म्हणजे एक चांगला की चार चांगला? एवढं एक वाक्य कुणी वेळेवर बोललं असतं ना, तर माझे ते सगळे दिवस... जाऊ दे. हसताय तुम्ही. हसा. आमच्या घरीही सगळे हसतात. घरी कुणी आलं, चपला काढून टेकलं की आमचे सासरे हा किस्सा सांगायला घेतात, आणि सांगताना मला समोर बसवतात, म्हणजे मधेमधे माझ्याकडे बोट दाखवता येतं. पण आज ते इथे नाहीत. आज मी माझी बाजू मांडणार आहे, कारण तुम्हाला सांगतो, माझी बाजू आजवर कुणी ऐकूनच घेतलेली नाही.

तर मी टाइल्सच्या कारखान्यात कामाला आहे. माल बघतो. भट्टीतून टाइल भाजून निघाली की पट्ट्यावरून सरकत माझ्यासमोर येते, वर तिरका दिवा, आणि मी बघतो. दिवसभर तेच. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, कोपऱ्याचा कण उडालेला दिसला, रंग शेजारच्या टाइलपेक्षा जरा फिका वाटला की मी बोटाने टक् करतो, आवाज ऐकतो, खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत कुठेतरी तडा आहे. मग मी तिला दर्जा देतो. एक म्हणजे फर्स्ट, थेट खोक्यात. दोन म्हणजे सेकंड. तीन म्हणजे कुणाला गोदामात नाहीतर संडासात लावायची असली तर घेऊन जा बाबा, पण नंतर तक्रार घेऊन येऊ नकोस. आणि चार? चार म्हणजे क्रशर. पलीकडे ते मोठं यंत्र आहे, त्यात टाकायची, भुगा होतो, तो परत मातीत. आणि आकड्यापुढे दोन अक्षरं असतात, पहिलं पुढच्या बाजूचं, दुसरं मागच्या बाजूचं. ए बरं, बी बरंसं, सी म्हणजे बोलूच नका. आता इतकी वर्षं जो माणूस चार म्हणजे क्रशर, चार म्हणजे क्रशर करत जगलाय, त्याला तुम्ही फोन करून सांगता 'फोर बी सी', आणि वर म्हणता तुम्ही घाबरलात कशाला? यात माझं काय चुकलं?

थांबा, मी फार पुढे आलो. आधीचं सांगतो.

आम्हाला मूल होत नव्हतं. आता बघा, किती सरळ वाक्य आहे, पण हे वाक्य तोंडातून काढायला आम्हा दोघांना वर्षं लागली. तोवर आम्ही 'सध्या विचार नाही', 'बघू पुढे', 'तिची नोकरी नवीन आहे' असं काहीबाही सांगायचो. माझी बायको पोहायला शिकवते. तलावावर. आवाज असा की या टोकावरून त्या टोकाच्या मुलाला सांगते, 'पाय मार, पाय', आणि शेजारच्या इमारतीतले लोक पाय मारतात. अशी बाई. कशालाही न घाबरणारी. फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी इंजेक्शनं ठेवायची आणि रोज उभ्याउभ्या पोटात टोचून घ्यायची, आणि मी तिकडे तोंड करून उभा. ती म्हणायची, 'झालं, वळ आता.' तर असे आम्ही दोनदा त्या टेस्ट ट्यूबच्या वाटेने गेलो, आणि दोन्ही वेळा काही झालं नाही.

दुसऱ्या वेळेला निकाल कळला ना, तेव्हा ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. मला ऐकू जाऊ नये म्हणून. आता बोटाने वाजवून टाइलच्या आतला तडा ओळखणारा माणूस मी, मला नळाच्या आवाजातून ऐकू येणार नाही का? मी बाहेर टॉवेल घेऊन उभा. आत जायची हिंमत नाही, तिथून हलायची पण नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, 'बादली भरत होते.' मी म्हटलं, 'हो.' बादली कोरडी होती. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हे परत बघायचं नाही, मूल नसलं तर नसलं, पण हिला असं बादल्या भरायला लावायचं नाही.

पण ठरवून काय उपयोग, घरात माझं चालतं कुठे? काही दिवसांनी तीच म्हणाली, 'एकदा अजून. शेवटचं. लागलं तर लागलं, नाहीतर आपण दोघं काय कमी आहोत?' आणि आम्ही परत त्याच खुर्च्यांवर जाऊन बसलो.

आता ही पद्धत तुम्हाला माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. बाईच्या शरीरातून बीजं काढतात, पुरुषाकडून जे घ्यायचं ते घेतात, त्याबद्दल मी इथे जास्त बोलणार नाही, आणि लॅबमध्ये दोन्हीचं जमवून देतात. जमलं की गर्भ. तो काचेच्या बशीत, एका थेंबात वाढतो. त्याच्यावर कॅमेरा लावलेला असतो, दिवसरात्र. भट्टीत एक कॅमेरा लावा म्हणून मी आमच्या मालकांच्या किती दिवस मागे लागलोय, लावत नाहीत. तर लॅबमध्ये एक मॅडम असतात, त्यांचं काम गर्भ बघायचा आणि दर्जा द्यायचा. दिसण्यावरून. म्हणजे माझंच काम की हो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, म्हटलं चला, इथे आपल्या धंद्यातलं कुणीतरी आहे. त्या आपुलकीनेच माझा घात केला.

त्या मॅडम रोज फोन करायच्या. बायको तलावावर, तिच्याकडे फोन नसतो, म्हणून माझ्या नंबरवर. पहिल्या दिवशी म्हणाल्या आठ आहेत. मी खूश. मग सहा. मग चार. आमच्याकडे पण गळती असते, भट्टीत घातलेला सगळाच माल काही बाहेर येत नाही, पण आमच्याकडे टाइल फुटली की फुटली, तिच्या नावाने कुणी घास अडकून बसत नाही. इथे रोज फोन वाजला की पोटात गोळा. म्हणजे बघा, पोटात गोळा यायला हवा होता बायकोच्या, आणि येत होता माझ्या.

आणि शेवटी तो फोन आला. मी पट्ट्यावर, मागे भट्टीची घरघर, मी एका कानात बोट घातलेलं. मॅडम म्हणाल्या, 'एक राहिलाय. फोर बी सी.' मी म्हटलं, 'काय?' त्या म्हणाल्या, 'फोर बी सी. छान आहे, या तुम्ही.' आणि ठेवला.

छान आहे. आता तुम्हीच सांगा, चार, पुढून बी, मागून सी, याला छान कोण म्हणतं? आमचा विक्रीवाला म्हणतो. तडा गेलेल्या मालाला तो असाच गोड आवाजात 'डिझाईनच आहे ते साहेब' म्हणतो. मला वाटलं बाई दयाळू आहेत, धीर देताहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. समोरून टाइली सरकत होत्या आणि मला प्रत्येकीवर 'चार' लिहिलेलं दिसत होतं. यात माझं काय चुकलं?

बरं, मन मोकळं करायचं कुणापाशी? भट्टीवाल्यापाशी गेलो. आमचा भट्टीवाला म्हणजे कामाला चोख, पण बोलायला अगदी तोडून टाकणारा. मी उगाच फिरवून विचारलं, म्हटलं, 'समज, एक माल आहे. चारचा. पुढून बी, मागून सी. पण एकच आहे, दुसरा नाहीच. आणि फार कष्टाने झालेला आहे. तर काय करशील?' तो म्हणाला, 'क्रशरला टाक.' मी म्हटलं, 'नाही, पण एकच आहे.' तो म्हणाला, 'मग एकदाच टाक. विचारतोस काय?' आणि माझ्या डोळ्यांत पाणी. तो घाबरला. म्हणाला, 'अरे, एका टाइलीसाठी रडतोस? सुट्टी घे जरा.'

घरी गेलो. बायकोने विचारलं, 'फोन आला?' मी म्हटलं, 'आला. एक आहे.' तिने डोळे मिटले, म्हणाली, 'एक तर एक. कसा आहे?' मी म्हटलं, 'आहे.' ती म्हणाली, 'आहे म्हणजे?' मी म्हटलं, 'आहे म्हणजे आहे.' आणि मी चहा केला. न सांगता. मग कपडे वाळलेले होते ते घड्या घालून ठेवले. मग पंखा पुसला. आता आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी पंखा कधी पुसलेला नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी स्टुलावर चढून पात्यांकडे बघत होतो. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

पण सासऱ्यांपुढे नाही राहवलं. आमचे सासरे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना हेडसर म्हणतात, मीसुद्धा. जवळच राहतात, अजून मुलांच्या शिकवण्या घेतात, घरात पांढरा फळा लावलाय. त्यांना हे सगळं प्रकरण परीक्षेसारखंच वाटतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा 'गर्भाची गुणवत्ता' म्हटलं तेव्हा ह्यांनी विचारलं, 'यादी कधी लागते?' मग कुणीतरी सांगितलं की हल्ली काही मार्कर तपासतात, त्यावरून कळतं गर्भ चांगला आहे की नाही, तर म्हणाले, 'मार्कर? काळा संपलाय, निळा आहे माझ्याकडे. देऊ?' असे. पण मनाने माणूस सोन्यासारखा, म्हणून गेलो त्यांच्याकडे, दार लोटलं आणि हळूच म्हटलं, 'हेडसर, चार आलेत.'

ते म्हणाले, 'जावईबापू, कितीपैकी?'

मी म्हटलं, 'कितीपैकी काय?'

'अहो, चार कितीपैकी? शंभरपैकी चार असले तर रडू आपण दोघं. पाचपैकी चार असले तर पोरगं पहिल्या वर्गात आहे.'

आता बघा, माणूस बसल्या जागी बरोबर बोलला होता. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'हेडसर, तुम्हाला यातलं कळत नाही. आमच्यात चार म्हणजे संपलं.' हा एवढाच भाग ते पाहुण्यांना तीन-तीनदा सांगतात. पण त्या दिवशी त्यांनी नुसता चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, 'ग्रेस देत नाहीत का हो? मी द्यायचो. दोन-तीन कमी पडले की ढकलायचो वर. कुणाचं वाईट झालं नाही त्याने. तुम्ही विचारून तर बघा.' आणि त्यांचा आवाज जरा हलला, आणि मी चप्पल घालून निघालो, कारण दोन पुरुष एका खोलीत रडायला लागले तर थांबवणार कोण?

तर मी मनाशी पक्कं केलं. डॉक्टरांसमोर सांगायचं, नको. तडा गेलेला गर्भ पोटात ठेवायचा, मग वाट बघायची, मग परत तो नळ, परत ती बादली, हे मी होऊ देणार नाही.

क्लिनिकमध्ये गेलो. मोठ्या डॉक्टर टेबलामागे, लॅबच्या मॅडम शेजारी उभ्या, बायको माझ्या डाव्या हाताला. डॉक्टर अगदी शांतपणे सांगत होत्या की बाई, एक आहे, ठेवायला तयार आहे. बायकोने विचारलं, ती मार्करची तपासणी करावी का? तेव्हा त्या म्हणाल्या, 'गर्भ ज्या थेंबात वाढतो ना, त्यातून तो काही घेतो, काही सोडतो. तो थेंब तपासून आत काय चाललंय याचा अंदाज लागतो का, हे लोक शोधताहेत. पण अजून छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आणि तुमच्याकडे एकच आहे. एकातून निवडायचं काय?' किती प्रामाणिक बाई. आमच्या विक्रीवाल्याला आणून हिच्यासमोर बसवायला पाहिजे.

पण मी कुठला ऐकतोय. मी उभाच राहिलो. म्हटलं, 'डॉक्टर, तो थेंबबिंब राहू दे. माल डोळ्यांना दिसतोय. तुम्ही हिला खोटी आशा लावू नका. मला फोनवर सगळं कळलंय, मी हिला सांगितलं नाही एवढंच. दोनदा बघितलंय मी हिला. ही नळ सोडून रडते, हिला वाटतं मला कळत नाही. मला मूल नको. मला ही हवी आहे. ठेवू नका तो.'

बायको माझ्याकडे बघतेय, तिचा चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, 'काय कळलंय तुला? काय सांगितलं नाहीस?'

मी म्हटलं, 'चारचा आहे तो.'

डॉक्टर म्हणाल्या, 'हो, चारचा आहे.'

मी म्हटलं, 'मग?'

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, 'मग काय? चांगला आहे ना.'

मी म्हटलं, 'चार चांगला कसा? एक चांगला.'

त्या म्हणाल्या, 'एक म्हणजे अजून नीट वाढलेलाच नाही. दोन म्हणजे थोडा. तीन अजून थोडा. चार म्हणजे पूर्ण फुगलाय. पाच-सहा म्हणजे कवच फोडून बाहेर यायला लागला. आमच्यात आकडा चढता असतो. तुम्ही कुठल्या लॅबचं सांगताय?'

आता काय सांगू? मी म्हटलं, 'टाइल्सच्या.'

मग माझी बायको हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, आणि तिचा आवाज म्हणजे तुम्हाला सांगितलंच, बाहेर बसलेले लोक दारातून डोकावले. हसता हसता रडायला लागली, आणि मग रडता रडता मला दंडावर फटके मारायला लागली. 'म्हणून पंखा पुसलास? म्हणून? मला वाटलं तुझं बाहेर काहीतरी आहे.' डॉक्टर डोळे पुसत होत्या. मी आपला उभा. बसावं तर खुर्ची मागे सरकलेली. अहो, यात माझं काय चुकलं?

पण मी असा तसा सोडणारा नाही. मी म्हटलं, 'बरं, चारचं कळलं. बी सीचं काय? ते पण उलटं आहे का?' मॅडम म्हणाल्या, 'नाही, ते सरळ आहे. पहिलं अक्षर आतल्या गोळ्याचं, त्याचं बाळ होतं. तो बी आहे, बरा आहे. दुसरं बाहेरच्या अस्तराचं, त्याची वार होते, बाळाला पोसणारी. तिथे पेशी जरा कमी आहेत, म्हणून सी.' मी म्हटलं, 'म्हणजे नापास?' त्या म्हणाल्या, 'म्हणजे सी. ए ए असून न लागलेले मी पाहिलेत आणि बी सीची पोरं इथे येऊन माझ्या खुर्चीवर गोल गोल फिरून गेलीत. आम्ही चेहरा बघून सांगतो हो. पोटात गेल्यावर तो काय करेल, ते त्याचं त्याला माहीत.'

म्हणजे सीचा प्रश्न होताच. ते काही हसण्यावारी गेलं नव्हतं. शक्यता कमी होती आणि डॉक्टरांनी तसं सांगितलंही. पण बायकोने पदराने... नाही, ती पदर घेत नाही, माझ्या शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, 'ठेवा. आणि ह्याच्याकडे लक्ष देऊ नका.' मग बाहेर जिन्यात मला म्हणाली, 'मला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा किती दिले होतेस?' मी म्हटलं, 'तेव्हा मी टाइल्समध्ये नव्हतो.' ती म्हणाली, 'नशीब माझं.' आणि माझा हात धरला. मग मात्र मला सगळं पुसट दिसायला लागलं, जिना उतरताना तिनेच सांभाळून नेलं.

गर्भ ठेवायच्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, भरपूर पाणी पिऊन या, सोनोग्राफीत नीट दिसतं. आता 'या' म्हटलं. आदरार्थी म्हटलं की अनेकवचनी म्हटलं ते मला कसं कळणार? मी पण प्यायलो. बायकोच्या बरोबरीने, ग्लासाला ग्लास. आणि तिथे गेल्यावर त्यांनी आम्हाला तासभर थांबवलं. ती बिचारी सहन करत होती, सहन करायचं कारण होतं तिला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. नर्स म्हणाली, 'काका, टेन्शन घेऊ नका.' मी म्हटलं, 'टेन्शन नाही हो, पाणी आहे.'

तर आत पडद्यावर दाखवला. एवढासा. राखाडी गोल, कडेला जरा विरळ, तोच तो सी. मी सवयीने मान तिरकी केली, प्रकाशात धरून बघावं तसं. खरं सांगतो, मला त्यात काही वावगं दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा मला मालात दोष सापडला नाही. मग त्यांनी बारीक नळीतून तो आत सोडला, आणि लॅबच्या मॅडमनी ती नळी परत नेऊन मायक्रोस्कोपखाली तपासली आणि आतून ओरडून सांगितलं, 'रिकामी आहे.' म्हणजे नळीला चिकटून परत आला नाही. दोनदा तपासून घेतात. काम असं करायचं असतं.

मग वाट बघणं. त्याबद्दल काय सांगू, जीव टांगणीला म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. मी बायकोला उठू देईना, बसू देईना. तिने भांडं उचललं की मी धावायचो. ती म्हणाली, 'अरे, मी चालले तर तो पडणार नाही. खिशात नाही ठेवलेला.' हेडसर रोज फोन करून विचारायचे, 'गुण आला का?' आता ह्यांना औषधाचा गुण म्हणायचाय की परीक्षेचे गुण, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही नव्हते आले.

रक्त तपासायला दिलं. त्यात एक आकडा असतो, त्यावरून कळतं. फोन आला तेव्हा मी पट्ट्यावरच. या वेळी लॅबच्या मॅडम नव्हत्या, दुसरीच कुणी कोवळ्या आवाजाची मुलगी. ती म्हणाली, 'सर, तुमच्या मिसेसचा रिपोर्ट आलाय, आकडा...' मी म्हटलं, 'थांब. आकडा नको सांगूस. आधी मला एवढंच सांग, हा चढता चांगला असतो की उतरता?' ती गोंधळली. 'चढता, सर.' मी म्हटलं, 'नक्की ना? लिहून दिलंय ना कुठे?' 'चढता, सर, जास्त असला की चांगला.' मी म्हटलं, 'मग सांग आता. चढलाय?' ती म्हणाली, 'चढलाय, सर. अभिनंदन.'

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा पडला तो खोक्यांच्या थप्पीवर, मी तिथेच बसलो. उठताच येईना. समोरून टाइली चालल्याहेत, एकीकडेही मी बघितलं नाही, सगळ्या फर्स्ट म्हणून खोक्यात गेल्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात त्या दिवशीची एखादी बद्द वाजणारी बसली असेल. बसू दे. भट्टीवाला धावत आला. 'काय झालं?' मी म्हटलं, 'तो माल, चारचा.' तो म्हणाला, 'टाकलास का क्रशरला?' मी म्हटलं, 'नाही. ठेवला. लागला.' त्याला आधी काही कळेना, मग हळूहळू कळलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की बघवेना. त्याने जाऊन पट्टा बंद केला. भट्टीवाल्याने पट्टा बंद केला, सांगतो तुम्हाला, मालकाचे वडील गेले तेव्हासुद्धा केला नव्हता.

मग पुढचे महिने गेले. कसे गेले ते विचारू नका, प्रत्येक सोनोग्राफीला मी डॉक्टरांना विचारायचो, 'वार कशी आहे, वार?' कारण माझ्या डोक्यात तो सी बसलेला. त्या म्हणायच्या, 'उत्तम आहे.' मी म्हणायचो, 'उत्तम म्हणजे ए?' त्यांनी मग मला आत बोलवायचं बंद केलं.

आणि झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. बायको दमलेली, घामाने केस चिकटलेले, मला म्हणाली, 'बघितलीस?' मी बघितली. मला वाटलं आता संपलं. आता पोरगी आहे, हात आहेत, पाय आहेत, रडतेय, आता हिला कोण काय म्हणणार? तेवढ्यात नर्सने तिला दिव्याखाली नेलं, इकडून बघितली, तिकडून बघितली, पाय धरले, नाडी बघितली, आणि मोठ्याने म्हणाली, 'दहापैकी नऊ.'

मी म्हटलं, 'काय नऊ?'

ती म्हणाली, 'गुण. जन्मल्या जन्मल्या देतो आम्ही. रंग, श्वास, ठोके, हालचाल.'

आल्या आल्या? अजून नाव नाही हो तिला. कपडा नाही अंगावर. मी पुढे झालो. म्हटलं, 'एक कशाचा कापला?' ती म्हणाली, 'रंगाचा. हातपाय जरा निळसर आहेत.' मी म्हटलं, 'आत्ता आलीय ती, गार वाटत असेल.' ती म्हणाली, 'सगळ्यांचे असतात, आजोबा.' आजोबा म्हणाली मला. मी म्हटलं, 'सगळ्यांचे असतात तर हिचाच का कापता?' ती म्हणाली, 'सगळ्यांचाच कापतो. दहा आम्ही सहसा कुणालाच देत नाही.' बाहेर हेडसर दाराला कान लावून उभे, ते तिथून म्हणाले, 'फेरतपासणीला टाका, जावईबापू.' आणि बायको पलंगावरून म्हणाली, पार थकलेल्या आवाजात, 'अरे, घे ना तिला आधी.'

मी घेतली. गप्प झाली. माझ्याकडे बघायला लागली, दिसत काही नसतं म्हणे त्यांना, पण बघत होती. एरवी टाचणीएवढ्या भोकासाठी मालकाशी भांडणारा माणूस मी, पण मी म्हटलं, असू दे. नऊ तर नऊ. एक सोडला.

तो एक कुठे गेला ते घरी आल्यावर कळलं. पोरगी खाली ठेवली की रडते, उचलली की रडते, हेडसरांनी पाढे म्हटले की थांबते आणि पाढे संपले की परत. बायको म्हणते, माझ्यापेक्षा मोठा आवाज आहे. तेव्हा तुम्ही गुणांची काळजीच करू नका. ते नऊच्या नऊ आमच्या नाकी आलेत, आणि राहिलेला एक ती रोज घरभर उधळतेय.